मेडिकलला शिकणारी पोरं सगळं माहीत असून सिगारेट का ओढतात?

परभणीकर_किराणा

नमस्कार मंडळी. माझं शिक्षण बीकॉम, परभणी जिल्ह्यात किराणा दुकान आहे, डॉक्टरकीतलं काही कळत नाही म्हणून इथं विचारायलोय. लहान भाऊ सरकारी कॉलेजात एमबीबीएस तिसऱ्या वर्षाला आहे, कॉलेजचं नाव नका विचारू. मागं आईनं धपाट्याचा डबा दिला म्हणून होस्टेलला गेलतो तर गेटच्या बाहेर टपरीवर अ‍ॅप्रन घातलेली आठ-दहा पोरं, एकाच्या तर गळ्यात स्टेथोस्कोप, आरामात फुकायलेत आणि त्यात आमचं ध्यान पण उभं. मला बघून सिगारेट पाठीमागं नेली पण धूर काय लपतो का, खांद्यावरून वर चाललेला. मी काही बोललो नाही, डबा दिला आणि परतीची एसटी धरली.

आता माझा प्रश्न असा की माझ्या दुकानात गिऱ्हाईक पाकीट घेतं, त्याच्यावर सडलेल्या तोंडाचं एवढं मोठं चित्र असतं, त्याला समजत नाही असं एकवेळ धरू. पण या लेकरांना तर फुफ्फुस बरणीत घालून दाखवतात, पेपरात त्याच्यावर प्रश्न येतो, मार्क मिळतात, आणि बाहेर येऊन तेच करतात? टेन्शन टेन्शन म्हणू नका, टेन्शन आम्हाला पण आहे, सोयाबीनचा भाव बघा एकदा. उपदेश नको, आतल्या माणसानं खरं कारण सांगावं. आणि अप्पांना सांगू का नको ते पण सांगा. अप्पा स्वतः गायछाप मळतात ही वेगळी गोष्ट.

---

मळका_अ‍ॅप्रन

दादा, मी इंटर्न आहे आणि मी ओढतो, तेव्हा आतलाच माणूस समजा.

पहिलं म्हणजे माहितीचा आणि याचा काही संबंध नाही. फर्स्ट इयरला सुरुवात होते तेव्हा फुफ्फुसाचा कॅन्सर शिकवलेला पण नसतो, पॅथॉलॉजी सेकंड इयरला येतं, तोपर्यंत माणूस टपरीच्या वहीत चढलेला असतो. टपरीवाल्याकडं खरंच वही असते हां, आमच्याकडं तर नावं पण नाहीत त्यात, बॅच आणि रोल नंबर लिहितो, पास होऊन गेलेल्यांची बाकी अजून त्याच्याकडं पडून आहे.

सीनियर सांगतात डिसेक्शन हॉलचा फॉर्मॅलिनचा वास जातो म्हणून ओढ. जात काही नाही, दोन्ही मिळून तिसराच वास तयार होतो. पण पहिल्या आठवड्यात जेवण जात नसतं, हाताला साबण लावून लावून कातडं निघायची वेळ येते, तेव्हा कुणी काही पण सांगितलं तरी पटतं.

आता खरं कारण, म्हणजे माझं तरी. मी झेडपी शाळेचा, बारावी पण मराठवाड्यातच. कॉलेजात आलो तर लेक्चर इंग्रजीत, व्हायवा म्हणजे तोंडी परीक्षा पण इंग्रजीत, वर्गात पुढच्या बाकावर मुंबई-पुण्याची पोरं फाडफाड बोलायलीत आणि मला उत्तर येत असून तोंड उघडत नव्हतं. संध्याकाळी टपरीवर गेलं की तिथं सीनियर मराठीत विचारतो, कुठला बे तू? मी म्हणलं मानवतचा. अरे आपल्याच जिल्ह्याचा की लेका, ये इकडं. आणि त्या टपरीवर जे कळतं ते लायब्ररीत कळत नाही, कोणता एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आलेला परीक्षक, कोणत्या हाडावर अडवतो, कोणत्या सरांना जर्नलमधली आकृती पेन्सिलनीच लागते, कोणाच्या युनिटला पोस्टिंग लागली तर सुट्टी विसरायची. हे सगळं सांगताना त्याच्या हातातली अर्धी सिगारेट तुमच्याकडं येते. बळजबरी कुणी करत नाही, रॅगिंगचे नियम आता कडक झालेत, नाही म्हणलं तर चालतं. पण सगळ्यांच्या हातात काहीतरी आहे आणि आपण मोकळे हात घेऊन उभं, हे दोन-तीन दिवस जमतं, मग माणूस घेतो.

सेकंड इयरला मजेत, थर्ड इयरला सवयीनं, आता इंटर्नशिपला नाही ओढली तर डोकं धरतं. बोटं पिवळी झाली तेव्हा आई म्हणली हे काय, तर मी म्हणलो बेटाडिन लागलंय ड्रेसिंग करताना. ती शेजारणीला पण सांगून आली, पोरगं किती काम करतंय बघा.

---

गप_रे_शहाण्या

एवढं मोठं लिहायची गरज नव्हती. लायकी नसताना मोकळीक मिळाली की असंच होतं. आमच्या काळी बापाच्या नुसत्या आवाजानं पोरं सरळ व्हायची.

---

लातूर_रिटर्न

वरचे काका, तुमच्या काळी बाप पण ओढायचा आणि पोराला बिडीबंडल आणायला पाठवायचा, राहू द्या.

बाकी मळका अ‍ॅप्रन भाऊचं बरोबर आहे पण अर्धंच. लई जणांची सुरुवात कॉलेजात होतच नाही, त्याच्या आधी होते. मी नीटसाठी लातूरला ड्रॉप घेतलेला. खोली, मेस, क्लास, टेस्ट सिरीज, परत खोली. सोळा-सतरा वर्षाचं पोरगं पहिल्यांदा घराबाहेर, रविवारी टेस्टचा निकाल व्हॉट्सअपच्या ग्रुपवर सगळ्यांसमोर पडतो, रँक खाली आली की बापाचा फोन येतो आणि बाप रागवत पण नाही, नुसतं म्हणतो बघ बाबा, दोन एकर काढलंय तुझ्यासाठी. त्याच्यापेक्षा शिव्या दिलेल्या परवडल्या. रात्री जागायला चहा, चहासोबत एक. अठराच्या खालच्याला विकायची नाही असा कायदा आहे, शाळा-कॉलेजच्या शंभर यार्डात तर तंबाखूची विक्रीच करायची नाही असा पण आहे, २००३ चा. तशा पाट्या पण मी बघितल्यात, पाटीखाली उभं राहूनच पोरं ओढायलेली असतात.

माझ्या खोलीत आम्ही चौघं, दोघांना एमबीबीएस लागलं, एकाला बीएएमएस, मी फार्मसीला. सिगारेट चौघांची पण कायम राहिली.

---

रात्रपाळी_जेआर

मेडिसिनला ज्युनियर रेसिडेंट (जेआर) आहे, म्हणजे एमबीबीएसनंतर पुढचं शिकता शिकता वॉर्डात ड्युटी करणारा डॉक्टर. आता थोडा वेळ मिळालाय म्हणून लिहितो.

परभणीकर दादा, टेन्शन म्हणू नका म्हणता पण कसलं टेन्शन ते ऐका. आमच्याकडं रात्री विष घेतलेले पेशंट येतात, फवारणीचं औषध. ऑर्गॅनोफॉस्फरस जातीचं कीटकनाशक असलं की त्याचा उतारा म्हणून अ‍ॅट्रोपिन द्यायचं, दर थोड्या वेळानं बाहुल्या बघायच्या, छाती ऐकायची, नाडी मोजायची, परत द्यायचं, हे रात्रभर चालतं. परवाच्या रात्री एक जण होता, वय माझ्या वडलांएवढं, धोतर, कनवटीला तंबाखूची पुडी तशीच. बायको खाली फरशीवर बसून एकच विचारायली, साहेब बोलतील का हे. पहाटे साडेचारला जरा सेटल झाला. तेव्हा मला भूक लागली होती का झोप आली होती का रडू येत होतं मला सांगता नाही यायचं, मी खाली उतरलो आणि गेटबाहेर जाऊन एक ओढली. सहा मिनिटं. त्या सहा मिनिटात कुणी मला सर म्हणून हाक मारली नाही.

आणि एक गंमत बघा, ड्युटीवर मी जेवायला जातो म्हणलं तर सीनियर म्हणतो आत्ता? झोपायला जातो म्हणायची तर सोयच नाही. पण दोन मिनिटं खाली जाऊन येतो म्हणलं की कुणी हरकत घेत नाही, उलट तोच म्हणतो थांब मी पण येतो. ही एकच सुट्टी सगळ्यांना मान्य आहे. सिगारेट सोडली तर ती सहा मिनिटं पण जातील, ही भीती मला निकोटीनपेक्षा जास्त आहे.

---

ओपीडी_नंबर_नऊ

जेआर सर, तुमच्याबद्दल आदर आहे पण हे जरा जास्तच हळवं व्हायलंय. त्याच वॉर्डात त्याच रात्री सिस्टर होती ना? वॉर्डबॉय मामा होता, आया मावशी होती? त्या पेशंटची उलटी कुणी पुसली? सिस्टर कुठं गेली सहा मिनिटं?

मी फायनल इयरला आहे, मुलगी. मुली पण ओढतात, ते कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. टपरीवर नाही ओढत, कारण टपरीवर मुलगी दिसली की संध्याकाळपर्यंत वॉचमनपासून वॉर्डनपर्यंत सगळ्यांना कळतं. होस्टेलच्या गच्चीवर, टाकीमागं, डिओड्रंट सोबत नेऊन. काही जणी व्हेप आणायच्या, ई-सिगारेटवर २०१९ पासून देशभर बंदी आहे तरी ऑनलाइन मिळायची. त्यांना तर टपरीवरची ओळखपाळख, जिल्ह्याचा सीनियर, व्हायवाच्या टिप्स यातलं काहीच मिळत नाही. उलट ज्या ओढत नाहीत त्यांना पण नाही मिळत! आमच्या बॅचला सर्जरीच्या परीक्षेत कोणत्या केसेस ठेवल्यात हे मुलांना आदल्या रात्री टपरीवर कळलं, आम्हाला सकाळी टेबलासमोर उभं राहिल्यावर.

आणि दादा, तुम्ही आठ-दहा पोरं बघितली म्हणून सगळं कॉलेज ओढतं असं वाटलं असेल. होस्टेलला शेकड्यानं पोरं राहतात, बाकीची खोलीत अभ्यास करायली होती, कुणी ग्राउंडवर, कुणी मेसमध्ये भाजीला नावं ठेवायलेलं. न ओढणारा टपरीवर दिसतच नाही. नवीन आलेल्या पोराला पण हेच वाटतं की सगळेच ओढतात, मग मी का नको.

---

पीएसएमवाले_मास्तर

वाचत होतो, आता राहवलं नाही. मी कम्युनिटी मेडिसिन शिकवतो, म्हणजे ज्या विषयाचं लेक्चर पोरं झोपायला वापरतात तो.

रात्रपाळी, तुझी सहा मिनिटं मी नाकारत नाही. पण त्यात ब्रेकचा वाटा किती आणि सिगारेटचा किती हे तू वेगळं करून बघितलंच नाहीस. धूर ओढल्यावर निकोटीन दहा-वीस सेकंदात मेंदूत पोचतं, डोपामीन सुटतं, बरं वाटतं. रक्तातलं निकोटीन साधारण दोन तासात अर्ध्यावर येतं. मग चिडचिड, हात चाळवणं, लक्ष न लागणं सुरू होतं आणि आपण म्हणतो ड्युटीचं टेन्शन आलंय. पुढची ओढली की ते जातं आणि आपण म्हणतो बघ, टेन्शन उतरलं. सावकाराचं व्याज फेडायला त्याच सावकाराकडून उसने घ्यायचे, असला व्यवहार आहे. ड्युटीचा ताण खोटा नाही, पण तो ताण न ओढणाऱ्या तुझ्या जोडीदाराला पण तेवढाच आहे, तुला त्याच्यावर हा एक जादा.

डॉक्टर लोकांना माहिती असून काय फरक पडतो म्हणता, तर पडला होता एकदा. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांनाच पत्रं पाठवली, तुम्ही किती ओढता कळवा, आणि पुढं कोण कशानं मरतंय याची नोंद ठेवत गेले. चौतीस हजारांवर पुरुष डॉक्टर होते. पन्नास वर्षांचा निकाल २००४ साली छापून आला, कायम ओढणारे न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी दहा वर्षं आधी गेले. तिशीत ज्यांनी सोडली त्यांची जवळजवळ ती सगळी दहा वर्षं वाचली, पन्नाशीत सोडली त्यांची सहा. आणि या काळात तिथल्या डॉक्टरांनी भराभर सोडली. डॉल स्वतः ओढायचा, त्यानं तर याच्या आधीच्या, दवाखान्यातल्या पेशंटवरच्या अभ्यासाचे आकडे हातात आल्यावरच सोडली. पण तिथल्या डॉक्टरांसमोर आकडे त्यांच्याच व्यवसायातल्या माणसांचे होते. आमच्या पोरांना फुफ्फुसाची बरणी दाखवतात ती कुणातरी म्हाताऱ्या बिडीवाल्याची, त्यांना ती आपली वाटत नाही.

आपल्याकडं तर अजून एक गोम आहे. २०१६-१७ च्या गॅट्स, म्हणजे प्रौढांच्या तंबाखू वापराच्या सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के आणि तंबाखू, मिश्री वगैरे बिनधुराचं घेणारे २४.४ टक्के. म्हणजे आपल्या गावचं व्यसन मळायचं आहे, ओढायचं नाही. मग त्याच गावातला पोरगा कॉलेजात येऊन सिगारेट का धरतो? कारण गायछाप बापाची, सिगारेट साहेबाची. ओपीडीत हाच पोरगा तोंड उघडत नसलेल्या पेशंटला तंबाखू सोडा म्हणून डाफरतो, मी शेजारी उभा असतो आणि त्याच्या खिशात आयताकृती फुगवटा दिसत असतो. तंबाखूला तो व्यसन म्हणतो, सिगारेटला सवय.

परभणीकर, अप्पांना आत्ता सांगू नका. अप्पा ओरडतील, तो म्हणेल तुम्ही आधी पुडी टाका, आणि विषय तिथंच संपेल. त्याला एकच विचारा, सकाळी उठल्यावर पहिली किती वेळानं ओढतो. पाच मिनिटाच्या आत असेल तर गाडी बरीच पुढं गेली आहे.

---

परभणीकर_किराणा

सगळ्यांचे आभार, एवढं लिहाल वाटलं नव्हतं. मास्तर साहेब, काल फोन केला. आधी म्हणला ते मित्राची धरून उभा होतो. मी म्हणलं बरं, मित्र सकाळी किती वाजता ओढतो. मग हसला. चहा-नाष्टा झाल्यावर पहिली, उठल्या उठल्या नाही, दिवसाला पाच-सहा, परीक्षेत जास्त. सोडायची का म्हणलं तर म्हणला बघतो, पण टपरीवर जायचं बंद नाही करणार, सगळे तिथंच असतात. आता याला काय म्हणायचं?

---

गप_रे_शहाण्या

आणि शेठ, तुमच्या दुकानात सुट्टी सिगारेट मिळते का हो? २०२० ला राज्यात सुट्टी विकायला बंदी आली म्हणून विचारलं.

---

परभणीकर_किराणा

मिळत होती. पाकिटं अजून आहेत, खोटं कशाला बोलू. ती काढली तर गिऱ्हाईक साखर पण समोरच्याकडून घेतं. पण मुद्द्याचं बोला की.

---

मळका_अ‍ॅप्रन

दादा, टपरी सोडायला लावू नका, ते नाही जमायचं. चहा घेऊन उभा राहू दे. आमच्या ग्रुपमध्ये एकानं असंच सोडली, हातात चहाचा ग्लास कायम. पहिले दोन-तीन दिवस आम्ही त्याच्याशी बोलत नव्हतो, म्हणजे तोच बोलू देत नव्हता, एवढा चिडका झालता. मग महिन्याभरात आला लाइनीवर.

---

पीएसएमवाले_मास्तर

चहा चालेल पण नेहमीपेक्षा कमी. धुरातल्या घटकांनी लिव्हरमधलं एक एन्झाइम वाढलेलं असतं, सीवायपी१ए२, ते कॅफिन लवकर संपवतं. सिगारेट बंद झाली की तेवढ्याच चहा-कॉफीत कॅफिन अंगात जास्त राहतं, धडधड होते, झोप उडते, आणि पोरगं म्हणतं सोडल्यामुळं त्रास व्हायला लागला. थर्ड इयरला आहे, फार्माकॉलॉजी झालंय त्याचं, हे सांगा म्हणजे ऐकेल.

तलफ आली की पाच-दहा मिनिटं काढायची, तेवढ्यात ओसरते. केंद्र सरकारची फुकटची क्विटलाइन आहे, १८००-११-२३५६, तिथं समुपदेशक बोलतात.

---

परभणीकर_किराणा

मेडिकलवर निकोटीनचं च्युइंगम मिळतं म्हणे, ते न्यावं का त्याच्यासाठी? दोन प्रकारचं आहे असं दुकानदार म्हणला.

---

पीएसएमवाले_मास्तर

उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली ओढणाऱ्याला ४ मिलिग्रॅम, त्याच्यानंतर ओढणाऱ्याला २. तुमच्या भावाला २ चं पुरेल आणि ते चिठ्ठीशिवाय मिळतं. फक्त नेहमीच्या च्युइंगमसारखं चघळत बसायचं नाही, नाहीतर उचकी लागते, मळमळतं. चार-सहा वेळा चावायचं, तोंडात चुरचुरलं की गालात धरून ठेवायचं, चुरचुर गेली की परत चावायचं, असं अर्धा तास. आणि त्याच्या आधी पाव तास चहा नाही.

---

रात्रपाळी_जेआर

सर, ड्युटीवर असताना गालात धरून पेशंटची हिस्टरी घेता येते का?

---

पीएसएमवाले_मास्तर

गायछाप धरून घेणारे बघितलेत मी. ये उद्या डिपार्टमेंटला, अकराच्या आत.